ओलाफियाचं कार्ड : आइसलंड ते एलपीजीए आणि पुढे

एका वडिलांचा प्रश्न आलाय. मुलगी पंधरा वर्षांची, हँडीकॅप चार (म्हणजे पारपेक्षा, मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण चार फटके जास्त लागतात; आकडा जितका कमी तितका चांगला), प्रो व्हायचं म्हणते. कुणीतरी त्यांना आइसलंडच्या ओलाफिया थोरुन क्रिस्टिन्सडोट्टिरचं उदाहरण दिलं. जिथे वर्षातले जेमतेम पाच महिने मैदानावर खेळता येतं, अशा देशातून ही मुलगी अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर, म्हणजे महिलांच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेत, पोचली. पण दोन मोसमांत कार्ड (टूरवर खेळायचा परवाना) गेलं, आणि तिशीच्या उंबरठ्यावर तिने व्यावसायिक गोल्फच सोडलं. मग तिला यशस्वी म्हणायचं का? आणि आमच्या मुलीने तिच्याकडून नेमकं काय घ्यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: हो, यशस्वी, आणि चांगलीच. मी मुलींना गोल्फ शिकवते, त्यांच्यातल्या काहींच्या बॅगा स्पर्धांमध्ये खांद्यावर घेतल्यात, आणि पालकांशी बोलताना एक गोष्ट कायम आडवी येते. खेळाडूची कारकीर्द आपण चषकांवरून मोजतो. गोल्फमध्ये चषक उचलणारे मूठभर असतात. बाकी सगळ्यांचा हिशेब कार्डाचा असतो: कुठल्या टूरचं कार्ड मिळालं, कितव्या वर्गातलं मिळालं, किती वर्षं टिकलं आणि कशाने गेलं. ओलाफियाची कारकीर्द या कार्डाच्या हिशेबात वाचली तर तुमच्या घराला तिचा उपयोग आहे. टायगर वुड्सची वाचून काही उपयोग नाही, कारण तसं कुणाचंच होत नाही.

(आइसलंडमध्ये माणसाला पहिल्या नावानेच ओळखतात, पंतप्रधानांनासुद्धा. म्हणून मीही सरळ ओलाफियाच म्हणते.)

आधी तो देश. ‘बर्फातून आलेली मुलगी’ ही बातमी ऐकायला छान वाटते, पण तिने चित्र चुकीचं उभं राहतं. ओलाफियाने एलपीजीएचं कार्ड मिळवलं तेव्हा आइसलंडची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे एकट्या कोल्हापूर शहरापेक्षा कमी. त्यातले सतरा हजारांच्या आसपास लोक गोल्फ क्लबांचे नोंदलेले सभासद! दर वीस माणसांमागे एक. मैदानं साठाहून जास्त, त्यातली बरीचशी नऊ होलची, कुठे लाव्हाच्या काळ्या दगडांत, कुठे समुद्राच्या कडेला. वेस्टमन बेटांवर तर जुन्या ज्वालामुखीच्या कुशीत मैदान आहे. रेक्याविक गोल्फ क्लब १९३४ सालचा आणि देशाची गोल्फ संघटना १९४२ ची. एका खेळाला वाहिलेली त्या देशातली ती पहिली राष्ट्रीय संघटना. १९९२ साली जन्मलेली ओलाफिया याच रेक्याविक क्लबची. ती लहानाची मोठी होईपर्यंत तिच्या गावात सत्तर वर्षं गोल्फ मुरलेलं होतं.

आणि तिथला क्लब म्हणजे आपल्याकडचा क्लब नव्हे. वार्षिक वर्गणी भरायची आणि खेळायचं. मास्तरणीची मुलगी, मासेमारी करणाऱ्याचा मुलगा, सगळे एकाच टीवर. नगरपालिका हातभार लावते, क्लबात प्रशिक्षित कोच असतो, मुलांचे गट असतात. आपल्याकडे महाराष्ट्रात मैदानं एक तर लष्कराची, नाहीतर लाखांच्या सभासदत्वाची. खारघरचं सिडकोचं मैदान किंवा तसलं एखादं, जिथे कुणीही पैसे भरून खेळू शकतं, हे अपवादच. म्हणून ‘एवढ्याशा देशातून एवढी मोठी खेळाडू’ असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. गोल्फपुरता तो देश लहान नाहीच.

हवामानाचं मात्र खरं आहे. मैदानं मे महिन्यात धड होतात आणि सप्टेंबर संपता संपता वारा, पाऊस नि अंधार सगळं गुंडाळून टाकतात. पण जूनमध्ये तिथे रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल. उत्तरेला आकुरेयरी गावात १९८६ पासून आर्क्टिक ओपन नावाची स्पर्धा भरते, तिच्यात लोक मध्यरात्रीच्या उन्हात खेळतात. शाळकरी मुलगी रात्रीचं जेवण करून अठरा होल खेळून येऊ शकते. महिने पाचच, पण तास मोजले तर आपल्या पुण्यातल्या मुलीपेक्षा कमी भरणार नाहीत. आपल्या मुलीला शाळा, क्लास आणि साडेसहाचा अंधार आहे, शिवाय पावसाळ्याचे चार महिने.

उरलेल्या काळात सराव छपराखाली. जाळ्यात चेंडू मारायचा, कृत्रिम गवतावर पटिंग, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळत भोकात घालायचा सराव. लोकांना यात गैरसोय दिसते, मला कोच म्हणून यात थोडा फायदाही दिसतो. जाळ्यात चेंडू कुठे गेला ते दिसत नाही, त्यामुळे मूल परिणामाच्या मागे न लागता आपल्या अंगाकडे लक्ष देतं. सपाट गालिच्यावर उतार वाचायचा प्रश्नच नसतो, राहतात दोनच गोष्टी: चेंडू ठरवलेल्या रेषेवर निघाला का, आणि किती वेगाने निघाला. माझ्याकडच्या मुलींना मी उन्हाळ्यातसुद्धा हे करायला लावते, आणि त्या कंटाळतात.

मग मे महिन्यात ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, जायचं, तर ग्रीन कसं? हिवाळ्यात तिथे दिवसा बर्फ थोडं वितळतं, रात्री पुन्हा गोठतं, असं करत ग्रीनवर बर्फाची अखंड लादी बसते. खालच्या गवताला हवा मिळत नाही. पोआ अनुआ नावाचं जे गवत जुन्या ग्रीनवर आपोआप पसरलेलं असतं, ते अशा लादीखाली काही आठवडे राहिलं की मरतं. वसंतात लादी निघते तेव्हा खाली तपकिरी ठिगळं. अशा पृष्ठभागावर चांगला पट मारला तरी चेंडू उडी मारून बाजूला जातो. ज्या मुलीने दर मे महिन्यात हे पाहिलंय, ती चुकलेल्या पटवर आकांडतांडव करत नाही. वाऱ्याचंही तसंच. तिथे चेंडू उंच उडवून चालत नाही. चेंडू लांब नेणारी, एक-दोन पायऱ्या वरची काठी (क्लब) घ्यायची, अर्धाच स्विंग करायचा, चेंडू जमिनीलगत न्यायचा. वर जूनमध्ये आर्क्टिक टर्न नावाचे पक्षी मैदानांच्या कडेला अंडी घालतात आणि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर चोची मारायला झेप घेतात. लोक क्लब डोक्यावर उभा धरून चालतात, पक्षी सर्वांत उंच टोकावर चोच मारतो म्हणून!

या वातावरणात ओलाफिया वाढली आणि २०११ साली, अठराव्या वर्षी, राष्ट्रीय विजेती झाली. पुढे २०१४ आणि २०१६ मध्ये पुन्हा. आइसलंडची राष्ट्रीय स्पर्धा ७२ होलची असते, हौशी आणि प्रो एकत्र खेळतात, दरवर्षी मैदान बदलतं, आणि ती टीव्हीवर दाखवतात. पण हे तीन किताब तिच्या कारकिर्दीत दुय्यम आहेत असं मी मानते. वळण आलं ते कॉलेजमुळे.

ती अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात गेली आणि २०१४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. अर्नॉल्ड पामर इथलाच. ओलाफियाच्या वेळी संघात टायगर वुड्सची पुतणी शायेन वुड्सही होती. चार वर्षं बारा महिने बाहेर खेळणं, संघात जागा मिळवण्यासाठी दर आठवड्याला आपसांत चाचणी, आणि कॉलेजच्या स्पर्धा. या स्पर्धा साधारण ५४ होलच्या असतात, त्यातले ३६ होल कित्येकदा एकाच दिवशी, स्वतःची बॅग स्वतः घेऊन. वर अभ्यास आहेच. उत्तर युरोपातल्या बहुतेक मुलींचा हाच रस्ता आहे, आणि त्यात अर्थकारणही आहे: तेव्हाच्या नियमानुसार कॉलेज खेळांच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागातल्या विद्यापीठाला महिला गोल्फ संघासाठी सहा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, पुरुषांसाठी फक्त साडेचार. मुलींसाठी दार जास्त उघडं होतं. तिच्याच पिढीतली, आक्रानेस गावची वाल्दिस थोरा योन्सडोट्टिर टेक्सास स्टेटला गेली, तीही राष्ट्रीय विजेती आणि पुढे युरोपच्या टूरवरची खेळाडू.

पदवीनंतर २०१४ मध्ये ओलाफिया प्रो झाली. आता इथून पुढे वाचणाऱ्याला सहसा कंटाळा येतो, कारण पुढची दोन-अडीच वर्षं छोट्या टूर, पात्रता फेऱ्या आणि विमानतळ यांत जातात. पण नव्वद टक्के मुली इथेच गळतात. पैसा संपतो. आइसलंडने यावर एक उपाय काढला होता: २०१२ मध्ये तिथल्या काही मोठ्या कंपन्या आणि गोल्फ संघटनेने मिळून फॉर्स्कोट नावाचा निधी उभा केला, निवडक खेळाडूंना परदेशी टूरचा खर्च भागवायला. ओलाफिया, वाल्दिस, बिर्गिर लेइफुर हाफथोर्सन ही मंडळी त्यातून आधार घेत खेळली. रकमेपेक्षा मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. पैसा कार्ड मिळाल्यावर आला नाही, आधी आला. आपल्याकडे उलटं आहे: पदक आणा, मग सत्कार करू.

२०१६ चा मोसम ती लेडीज युरोपियन टूरवर खेळली, आणि वर्षअखेरीस फ्लोरिडात डेटोना बीचला एलपीजीएच्या क्यू-स्कूलची, म्हणजे कार्डासाठीच्या पात्रता स्पर्धेची, शेवटची फेरी. पाच दिवस, ९० होल. पहिल्या वीस जणींना पुढच्या वर्षाचं पूर्ण कार्ड, त्यानंतरच्या पंचवीसेक जणींना खालच्या वर्गातलं, म्हणजे जागा उरली तर खेळायला मिळेल असं. ओलाफिया दुसरी आली. आइसलंडच्या कुठल्याही खेळाडूला, पुरुष की स्त्री, अमेरिकेच्या मुख्य टूरचं कार्ड त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

याच फेरीत आपली अदिती अशोक होती. ती चोविसाव्या क्रमांकापाशी राहिली आणि तिला खालच्या वर्गातलं कार्ड मिळालं. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

२०१७ च्या जानेवारीत बहामाजला पहिली स्पर्धा. गटात नॅटली गल्बिस आणि तिची कॉलेजमधली सहकारी शायेन वुड्स. पहिल्याच आठवड्यात तिने कट पार केला. आता कट म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सगळ्या जागा भरलेल्या स्पर्धेत तेव्हा १४४ जणी असत. दोन दिवस झाले की तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या सत्तर आणि सत्तराव्या जागेवर बरोबरीत असलेल्या पुढे जात. बाकीच्या शुक्रवारी संध्याकाळी बॅग गाडीत टाकतात आणि त्यांना सहसा एक डॉलरही मिळत नाही. त्या आठवड्याचं विमान, हॉटेल, कॅडीचा (बॅग वाहून सल्ला देणाऱ्याचा) पगार, सगळं खिशातून.

शुक्रवारी दुपारी चार वाजता सतराव्या होलवर उभी असलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. फलकावर कटचा अंदाज एक ओव्हर पार (पारपेक्षा एक फटका जास्त) दाखवतोय, तीही एक ओव्हरवर आहे. चार फुटांचा पट उरलाय, पारसाठी. गेला तर शनिवार-रविवार खेळायचं, एखादी चांगली फेरी लागली तर वीस-तीस जणींना मागे टाकून काही हजार डॉलर. नाही गेला तर शून्य, आणि सोमवारी दुसऱ्या राज्यात. वर्षात असे पट दहा-बाराच असतात, आणि कार्ड राहणार की जाणार हे त्यांच्यावर ठरतं. चेंडू २५० यार्ड जातो की २६० यावर नाही. पालक मला नेहमी दुसरंच विचारतात.

ओलाफियाच्या पहिल्या वर्षात काय काय झालं? जूनच्या शेवटी शिकागोजवळ ऑलिम्पिया फील्ड्सला महिलांची पीजीए चॅम्पियनशिप खेळली. मेजर, म्हणजे वर्षातल्या मोजक्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीत, उतरलेली ती पहिली आइसलंडर. कट चुकला. दोनच आठवड्यांनी वाल्दिस यूएस विमेन्स ओपनमध्ये खेळली, म्हणजे सव्वातीन लाखांच्या देशाच्या दोन मुली एकाच उन्हाळ्यात दोन मेजरमध्ये. जुलैच्या अखेरीस स्कॉटिश ओपन, पश्चिम किनाऱ्यावरच्या डंडोनल्ड लिंक्सवर. वारा, आडवा पाऊस. तिथे ती संयुक्त तेरावी. मला त्या निकालात जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही, फ्लोरिडात वाढलेल्या मुलींनी जिथे छत्र्या घट्ट धरल्या तिथे ही घरीच होती.

सप्टेंबरमध्ये इंडियानापोलिस. ब्रिकयार्ड क्रॉसिंग हे मैदान अजब आहे, त्याचे चार होल इंडी ५०० च्या मोटार शर्यतीच्या मार्गाच्या आत आहेत. तिथे इंडी विमेन इन टेक ही स्पर्धा पहिल्यांदाच होत होती, ५४ होलची, वीस लाख डॉलरची. लेक्सी थॉम्पसन जिंकली, लिडिया को दुसरी, आणि त्यांच्या मागे चौथ्या जागेवर ओलाफिया. तिची एलपीजीएवरची ही सर्वोत्तम कामगिरी. पुढच्याच आठवड्यात फ्रान्समध्ये एव्हियन चॅम्पियनशिपला तिने कट पार केला. मेजरमध्ये असं करणारी ती पहिली आइसलंडर.

वर्षअखेर कमाईच्या यादीत ती ७४ वी. तेव्हा या यादीत पहिल्या शंभरात राहणाऱ्यांचं कार्ड टिकायचं, त्यातही पहिल्या ऐंशीचा वर्ग वरचा असायचा. तिचं पूर्ण कार्ड राहिलं. आइसलंडच्या क्रीडा पत्रकारांनी तिला २०१७ ची सर्वोत्तम खेळाडू निवडलं, आणि हे लक्षात घ्या की फुटबॉल आणि हँडबॉलने वेड्या झालेल्या देशात, पुरुषांचा फुटबॉल संघ पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला त्याच वर्षी, मान मिळाला एका गोल्फरला.

आता आकडे जरा उलटे करून बघू. तिची त्या वर्षाची कमाई दोन लाख डॉलरच्या थोडी वर. रुपयांत डोळे दिपतात. त्यातून कॅडीचा आठवड्याचा पगार आणि बक्षिसातला टक्का, पंचवीसेक आठवड्यांची विमानं आणि हॉटेलं, कोच, फिजिओ, अमेरिकेतला कर. असा मोसम खेळायला ऐंशी हजार ते लाख डॉलर सहज जातात. आणि कमाईतला फार मोठा वाटा इंडियानापोलिसच्या एका आठवड्याचा. तो आठवडा काढून टाका, ती शंभराच्या रेषेच्या आसपास येते. यात तिला कमी लेखायचं नाही. टूरवर साठ ते एकशेवीस या पट्ट्यात असलेल्या प्रत्येकीचं असंच असतं: वर्षातले एक-दोन आठवडे वर्ष तारतात. पुढच्या वर्षी तो आठवडा नाही आला, की संपलं.

२०१८ मध्ये तो आला नाही. कट हुकत गेले, यादीत ती शंभराच्या खूप खाली गेली, आणि कार्ड गेलं. लोक विचारतात, काय बिघडलं? बाहेर बसून स्विंगमधला दोष सांगणारे खूप असतात, मी त्यांच्यात नाही. पण दुसऱ्या वर्षी काय होतं हे मी माझ्या मुलींच्या बाबतीत छोट्या प्रमाणावर पाहिलंय. पहिल्या वर्षी सगळं नवीन असतं, कुणाची अपेक्षा नसते. दुसऱ्या वर्षी अख्खा देश सकाळी उठून तिचा स्कोअर बघतो. कट एका फटक्याने हुकला की ती काहीतरी बदलते, क्लब किंवा पकड किंवा कॅडी. एका फटक्याने हुकणं हा बहुतेकदा निव्वळ योगायोग असतो, त्यावर उपाय करायला गेलं की चांगलं चाललेलंही बिघडतं. ओलाफियाचं नेमकं हेच झालं असा माझा दावा नाही, टूरवर हे सर्रास होतं एवढंच.

पण त्याच पडत्या वर्षात, ऑगस्टमध्ये, स्कॉटलंडला ग्लेनईगल्सवर युरोपियन चॅम्पियनशिपची सांघिक स्पर्धा झाली. दोन पुरुष, दोन स्त्रिया असा मिश्र संघ. आइसलंडकडून बिर्गिर लेइफुर, आक्सेल बोआसन, वाल्दिस आणि ओलाफिया. ब्रिटन, स्वीडन, स्पेन यांच्यासारखे देश मैदानात असताना सुवर्णपदक आइसलंडने नेलं. मला विचाराल तर तिच्या कारकिर्दीतला हा सर्वांत कमी बोलला गेलेला आणि सर्वांत गोड दिवस. बक्षिसाच्या यादीत आणि कार्डाच्या हिशेबात मात्र त्याची किंमत शून्य.

२०१९ मध्ये ती खालच्या सिमेट्रा टूरवर खेळली, आताची एप्सन टूर. तिथे तेव्हा वर्षअखेर फक्त पहिल्या दहा जणींना वरचं कार्ड मिळायचं, बक्षिसं वरच्या टूरच्या दहाव्या भागाइतकी, खर्च मात्र जवळजवळ तेवढाच, कारण विमानाचं तिकीट तुमचा दर्जा बघून स्वस्त होत नाही. मग कोविड. मग २०२१ मध्ये ती आई झाली, आणि २०२२ मध्ये तिने व्यावसायिक गोल्फ थांबवत असल्याचं जाहीर केलं. वाल्दिसने तिच्याही आधी, २०२१ मध्ये, दुखापतींपायी थांबायचं ठरवलं होतं.

‘बाळ झालं म्हणून करिअर गेलं’ असं लगेच म्हणू नका. एलपीजीएवर आई झालेल्या खेळाडूंसाठी दर्जा राखून ठेवण्याची सोय आहे, फिरतं पाळणाघर आहे. कार्ड हातात असलेली खेळाडू बाळंतपणानंतर परत येते, अशी उदाहरणं आहेत. कार्डच नसेल तर परत यायचं म्हणजे पात्रता फेरीपासून, छोट्या टूरवर, पदरच्या पैशाने, कडेवर मूल घेऊन. तो निर्णय कुणी घेतला नाही तर मी तरी त्याला माघार म्हणणार नाही.

आता अदिती. दुसऱ्या क्रमांकावर आलेली ओलाफिया दोन मोसम टिकली; चोविसाव्या क्रमांकापाशी राहून अर्धंमुर्धं कार्ड मिळालेली अदिती अजून त्याच टूरवर आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, २०२३ मध्ये लॉस एंजलिसच्या स्पर्धेत प्लेऑफमध्ये हॅना ग्रीनकडून हरली. चेंडू लांब मारण्यात अदिती टूरवर खालून मोजावी लागते, पण हिरवळीभोवती आणि पटरवर जगातल्या उत्तम खेळाडूंत. क्यू-स्कूल हा पाच दिवसांचा फॉर्म मोजतो. टूर मोजते तो वाईट आठवड्यात तुम्ही किती कमी वाईट खेळता हे. ज्या मुलीचा वाईट दिवस ७३ चा आहे ती टिकते. वाईट दिवस ७७ आणि चांगला ६५ असलेली मुलगी बातम्यांत येते आणि कार्ड गमावते.

आइसलंडचे बाकीचे लोकही बघा, म्हणजे ओलाफिया एकटी चमत्कार नव्हती हे कळेल. बिर्गिर लेइफुर २००६ च्या पात्रता फेरीतून युरोपियन टूरवर गेलेला पहिला आइसलंडर, सात वेळा राष्ट्रीय विजेता, आणि २०१७ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, फ्रान्समध्ये चॅलेंज टूरची (युरोपियन टूरच्या खालच्या टूरची) स्पर्धा जिंकला. हाराल्दुर फ्रँकलिन माग्नुस २०१८ मध्ये कार्नुस्टीला ब्रिटिश ओपन खेळला. गुडमुंडुर आउगुस्त क्रिस्त्यानसनने २०२२ मध्ये डीपी वर्ल्ड टूरचं (युरोपियन टूरचंच नवं नाव) कार्ड मिळवलं. यांतला कुणीही मोठ्या टूरवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला नाही. देश लहान असला तरी चांगल्या व्यवस्थेने खेळाडू दारापर्यंत आणता येतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. दाराच्या आत टिकण्याचं गणित अजून सुटायचंय.

तुमच्या मुलीबद्दल. हँडीकॅप चार हा पंधराव्या वर्षी चांगला आहे, थक्क करणारा मुळीच नाही. कॉलेजच्या चांगल्या संघात जायचं तर दोनेक वर्षांत शून्याच्या खाली जावं लागेल. अकरावीपासून शाळा सोडून पूर्णवेळ गोल्फ, असा विचार घरात चालू असेल तर तो आधी बाजूला ठेवा. ओलाफिया पदवी घेऊन प्रो झाली, बावीस पूर्ण व्हायच्या सुमाराला, आणि तिशीच्या आसपास थांबली तेव्हा हातात ती पदवी होती. अमेरिकेला पाठवणं परवडत नसेल तरी इथल्या महिला प्रो टूरवर हौशी म्हणून खेळता येतं. तिथे दोन-तीन मोसम काढले की ती आठवड्यामागून आठवडा खेळू शकते का ते कळेल. पुण्या-मुंबईबाहेर जाऊन, अनोळखी ग्रीनवर, तुम्ही सोबत नसताना.

कॉलेजचा विचार असेल तर वेळापत्रक आत्ताच पाहून ठेवा. तिथल्या नियमांनुसार गोल्फचे कोच तिच्याशी स्वतःहून संपर्क साधू शकतात ते दहावी संपल्यावर, १५ जूनपासून. तिने मात्र त्याआधीही ईमेल पाठवायला हरकत नाही, आणि ती तिनेच लिहावी, तुम्ही नाही. सोबत स्विंगचा व्हिडिओ सगळेच पाठवतात. तिने गेल्या वर्षभरातल्या स्पर्धांच्या सगळ्या फेऱ्या पाठवाव्यात, मैदानाची लांबी आणि कोर्स रेटिंगसकट (मैदान किती अवघड त्याचा आकडा), आणि त्यात तिच्या सर्वांत वाईट पाच फेऱ्या लपवू नयेत. मी ओळखते त्या कोचांची नजर आधी तिथेच जाते.